बारवेचा दगड आणि सुलाबाईंचा संदर्भ

सुलाबाई वाव्हळे आमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्या तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं आणि माझं एकेचाळीस. त्यामुळे पहिला पेच असा पडला, की कुणी कुणासाठी उभं राहायचं. मी वर्गात शिरलो की त्या उभ्या राहायच्या, आणि त्या उभ्या असेपर्यंत मला खुर्चीत बसवायचं नाही. आठवडाभर आम्ही दोघं तास उभ्यानंच काढत होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "सर, तुमी बसा. माझे गुडघे दुखायलेत, मी पण बसते."

त्या मूळच्या ताडकळसच्या. आठवीत असताना लग्न होऊन बोरखडकला आल्या. बोरखडक गंगाखेडपासून अकरा किलोमीटर, गोदावरीच्या अलीकडे. नवरा सिताराम गावात पिठाची गिरणी चालवतो. गिरणीच्या आवाजात त्याला बोलायची सवय राहिली नाही, आणि सुलाबाईंना मोठ्यानं बोलायची लागली. मुलगी धम्मशीला परभणीला नर्स झाली. तिनं पहिलं काम केलं ते आईचा सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचं. दहावी झाली, बारावी झाली, आणि मग सुलाबाई सकाळची दळणं उरकून साडेदहाच्या एसटीनं कॉलेजात यायला लागल्या. केसांत थोडं पीठ असायचं. पोरींनी आधी त्यांना मावशी म्हटलं, मग सगळ्या वर्गानं म्हटलं, आणि आता खोटं कशाला बोलू, स्टाफरूममध्ये मीही म्हणतो.

त्या वर्षी मी वर्गाला एक प्रकल्प दिला. प्रत्येकानं मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान तयार करायचं किंवा असलेलं सुधारायचं. वीस गुण. मी नांदेडला एक दिवसाचं शिबिर करून आलो होतो आणि मला वाटत होतं, आता मला सगळं येतं. एकतीस पोरं कामाला लागली. गोपाळ नावाच्या मुलानं आपल्या गावाच्या पानावर 'प्रसिद्ध व्यक्ती' असा मथळा टाकून खाली स्वतःचं नाव आणि गॉगल घातलेला फोटो लावला. अकरा मिनिटांत तो गेला. प्रियांकानं जिंतूरचं अख्खं पान उचलून आपल्या आजोळच्या गावाला चिकटवलं, त्यामुळे सातशे लोकवस्तीच्या गावाला तासभर का होईना, बसस्थानक, तहसील आणि न्यायालय मिळालं.

सुलाबाईंची अडचण निराळी होती. त्यांना टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून धम्मशीलानं फोनला बोलून लिहायचं शिकवलं होतं. पण फोनला त्यांची बोली समजत नव्हती. गावाबाहेर एक जुनी दगडी बारव आहे, पायऱ्यांची विहीर. तिच्याबद्दल त्या फोनमध्ये बोलल्या आणि ते तसंच्या तसं पानावर चढलं: "आमच्या गावात एक जुना बारावा आहे आणि त्याचे पाणी फार गोड आहे." बोरखडकची पोरं ते वाचून पोट धरून हसली, कारण बारावा म्हणजे बाराव्या दिवसाचं जेवण, आणि गोड तर त्यात असतंच. सुलाबाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या दिवसापासून उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला घेतलं. एक ओळ म्हणजे एक दळण, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे दळण होईपर्यंत एक ओळ.

त्या ओळींपैकी एक अशी होती: "या बारवेच्या पायऱ्या उतरण्यास बौद्ध समाजाला पूर्वी बंदी होती. तसे तेथील दगडावर लिहिलेले आहे." संदर्भाची जागा रिकामी सोडू नका, असं मी वर्गात दहादा सांगितलं होतं. म्हणून त्यांनी संदर्भ दिला: "माझी सासू."

आता याच वर्गात भक्ती देशमुख होती. बोरखडकचीच, आणि माजी सरपंच दत्तराव देशमुखांची नात. दोघींनी मिळून एकच पान करायचं असं ठरलं होतं. भक्तीनं खाली भर घातली: "ही बारव दत्तराव देशमुख यांचे आजोबा बन्सीधर देशमुख यांनी बांधली. तसे तेथील दगडावर लिहिलेले आहे." संदर्भ: "माझे आजोबा."

एकच दगड, आणि त्यावर दोन घरांनी दोन गोष्टी वाचल्या होत्या. खरं तर वाचल्या कुणीच नव्हत्या. लिपी उर्दू होती. निजामाच्या काळातला दगड. देशमुखांच्या घरून दर दसऱ्याला त्याला हार जायचा आणि तेल लागायचं. सुलाबाईंच्या सासूबाई धुरपताबाई मात्र लग्न होऊन आल्यापासून त्या दगडाच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून त्या काठावर घागर घेऊन थांबायच्या, कारण त्यांच्या सासऱ्यांना कधीकाळी कुणी सांगितलं होतं, "दगडावर लिवलंय, तुमी खाली उतरायचं न्हाई." पुढं नळ आले, काळ बदलला, बंदी कुणाच्या तोंडी उरली नाही. पण धुरपताबाईंचे पाय त्या पायऱ्यांना लागले नव्हते ते नव्हतेच.

दोन्ही ओळी दुसऱ्या दिवशी उडाल्या. विकिपीडियावर सगळी कामं स्वयंसेवक करतात. त्यांपैकी एकानं चर्चेच्या पानावर नम्रपणे लिहिलं होतं, की सासू आणि आजोबा हे आदरणीय असले तरी पडताळता येणारे संदर्भ नाहीत.

सुलाबाईंनी त्याला उत्तर लिहिलं. ते मी अजून जपून ठेवलंय. सुरुवातीला त्यांनी भाऊ म्हणून नमस्कार घातला, घरची सगळी बरी आहेत का ते विचारलं, आणि मग विचारलं, की आमची सासू एक्क्याऐंशी वर्षांची आहे, ती पडताळायला कधी येताय, आधी कळवा म्हणजे स्वयंपाकाला बरं. त्या माणसानं तीन दिवसांनी लिहिलं, की निमंत्रणाबद्दल आभारी आहे, पण मी पडताळून भागणार नाही. दगड कुणा जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि ते वाचन कुठेतरी छापून यावं. छापून आलेलं असेल तर ते देता येईल.

सुलाबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, त्या भावाचं बराबर हाय. आमी दगडाला बोलायला लावलंच न्हाई कधी."

गंगाखेडला जैनोद्दीन सर आहेत. उर्दू शाळेतून निवृत्त झाले, मोडीही वाचतात, आणि कुणी काही वाचायला दिलं की त्यांना ईद झाल्यासारखं होतं. ते लगेच तयार झाले. प्रश्न होता दत्तरावांचा. दगडाला हात लावायचा तर त्यांना विचारणं आलं. सुलाबाई आणि मी त्यांच्या ओट्यावर गेलो. दत्तराव सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, बोलायला मोकळे. त्यांनी परवानगी तर दिलीच, वर स्वतः नारळ आणतो म्हणाले. आजोबांचं नाव इतक्या वर्षांनी चारचौघांत वाचलं जाणार याचा त्यांना आनंदच झाला होता. गंगाखेडच्या एका दैनिकाचा वार्ताहरही त्यांनीच बोलावला.

रविवारी सकाळी नऊला बारवेवर साठ-सत्तर माणूस जमलं होतं. गिरणी बंद ठेवून सिताराम आला होता. दत्तराव नारळ घेऊन दगडाशेजारी, वार्ताहराला नीट दिसतील असे उभे होते. जैनोद्दीन सर मोपेडवरून उतरले, बाह्या वर केल्या आणि दगडावरचा तेलाचा थर घासायला बसले. नव्वद वर्षांचं तेल. साबण, काथ्या, गरम पाणी, पुन्हा साबण. पाऊण तास गेला. लोकांनी मधे चहा मागवला. अक्षरं दिसायला लागली तसं सगळे पुढं सरकले.

जैनोद्दीन सरांनी एकदा वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग त्यांनी दत्तरावांकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि विचारलं, "वाचू का?"

"वाचा की. खड्या आवाजात वाचा," दत्तराव म्हणाले.

सरांनी आधी उर्दूत वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. "सरकारचा हुकूम. या बावडीत म्हशी धुण्यास सक्त मनाई आहे."

दत्तराव म्हणाले, "पुढं?"

"पुढं सन आहे. तेराशे अडतीस फसली. म्हणजे साधारण एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीस."

"आन् नाव?"

"नाव कुणाचंच नाही, दत्तराव. फक्त म्हशी."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरेचना. दर दसऱ्याला देशमुखांचा हार ज्या दगडाला जात होता तो म्हशींचा निघाला होता. दत्तरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. भक्ती ओढणीत तोंड लपवून हसत होती. मला वाटलं, आता हे चिडून निघून जाणार. पण दत्तराव दगडाकडे बघत म्हणाले, "आमच्या म्हशी लय होत्या त्या टायमाला. आमच्याचमुळं लावला असंल." मग लोक मोकळेपणानं हसले आणि तेही हसले.

सुलाबाई हसत नव्हत्या. त्या पुढं आल्या आणि दगडाजवळ वाकून, स्वतःला उर्दू येत असल्यासारखं एकेका ओळीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "सर, माणसाचं काय लिवलंय?"

"माणसांचं काहीच नाही," जैनोद्दीन सर म्हणाले.

"पुन्हा एकदा बघा. कोन उतरायचं, कोन न्हाई, असं?"

त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं, अगदी सावकाश. "नाही ताई. म्हशी सोडून कुणालाच मनाई नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. दत्तराव हातातला नारळ या हातातून त्या हातात करत राहिले. वार्ताहरानं वही काढली होती ती तशीच राहिली.

सुलाबाई आणि सिताराम घरी गेले. धुरपताबाई उन्हात बसून शेंगा फोडत होत्या. सुलाबाईंनी सांगितलेलं त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. सिताराम पाणी घेऊन धावला. ठसका थांबल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला घेऊन चला."

आम्ही अजून बारवेवरच होतो. एका बाजूनं सुलाबाई, दुसऱ्या बाजूनं सिताराम, मधे धुरपताबाई, असे ते आले. माणसं बाजूला झाली. म्हातारीनं दगडाकडे पाहिलंही नाही. एकेक पायरी मोजत उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं, तिथं सिताराम पुढं झाला. चौदाव्या पायरीला पाणी लागलं. धुरपताबाईंनी चपला काढून सितारामच्या हातात दिल्या, पाण्यात पाय सोडून बसल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना वर यायची घाई नव्हती. काठावरून दत्तराव म्हणाले, "सांभाळून, धुरपताबाई." त्या खालूनच म्हणाल्या, "पानी लय गार हाय, दत्तराव. तुमी कधी सांगितलं न्हाई."

दत्तरावांनी नारळ दगडावर न फोडता पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा खाली पाठवला.

पुढच्या गुरुवारी बातमी छापून आली. शिलालेखाचं वाचन, सन, जैनोद्दीन सरांचं नाव, सगळं होतं. मधोमध फोटो होता, त्यात दत्तराव नारळासह. सुलाबाईंनी एका बोटानं पान दुरुस्त केलं आणि संदर्भाच्या जागी दैनिकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक भरला. बौद्ध समाजाला बंदी होती, ती दगडावर लिहिली आहे असं सांगितलं जायचं, आणि दगडावर तसं काही नाही, हेही बातमीत आलं होतं, म्हणून तेही पानावर आलं. ही ओळ लिहायला त्यांना तीन दळणं लागली. त्या स्वयंसेवकानं चर्चेच्या पानावर एकच शब्द लिहिला, "उत्तम." सुलाबाईंनी खाली लिहिलं, "भाऊ, आता तरी या."

मी त्यांना वीसपैकी अठरा दिले. त्या वही घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि दोन गुण कशाचे कापले ते विचारलं. मी म्हटलं, ऱ्हस्वदीर्घाचे. त्यांनी वहीत पाहिलं, मान्य केलं आणि निघाल्या.

त्यानंतर त्यांना नाद लागला. तिसऱ्या वर्षात प्रकल्प नव्हता, तरी त्या आसपासच्या गावांची पानं उघडून बघायच्या. गिरणीवर कुणी बढाई मारली, अमुक मंदिर पांडवांनी बांधलं, तमुक पैलवानानं वाघ मारला, की गिरणीत दाणे सोडता सोडता त्या विचारायच्या, "संदर्भ?" गावात आता हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. लग्न जमवायला आलेल्या पाहुण्यांनाही लोक संदर्भ मागतात.

परवा मी दळणाच्या निमित्तानं बोरखडकला गेलो होतो. गिरणीसमोर दत्तराव उभे होते, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सुलाबाई बाहेर आल्यावर त्यांनी ते उघडलं. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका होती, कडा कुरतडलेली. शाळेसाठी जागा बन्सीधर देशमुखांनी दिली असं त्यात छापलं होतं.

"सुलाबाई, हे चालंल का?" त्यांनी विचारलं. पूर्वी ते त्यांना सिताऱ्याची बायको म्हणायचे.

सुलाबाईंनी पदराला हात पुसले, स्मरणिका घेतली, मुखपृष्ठ पाहिलं, प्रकाशक पाहिला, वर्ष पाहिलं. मग ते पान दोनदा वाचलं. दत्तराव परीक्षेचा निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे उभे.

"छापलेलं हाय. सालबी हाय," त्या म्हणाल्या. "चालतंय. बसा तुमी."

त्यांनी फोन काढला. सितारामनं आतून स्टूल आणून दत्तरावांना दिलं आणि माझी ज्वारी गिरणीत ओतली. सुलाबाईंनी बोट वर धरून पहिलं अक्षर शोधलं, ब.