पोचबाईचा अर्ज

करसल्लागार व्हायचे दोन रस्ते. एक कॉलेजातून जातो: पदवी घ्या, परीक्षा द्या, पाटी लावा. दुसरा जुन्या सल्लागाराच्या टेबलापासून: त्याच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करा, मग त्याच परीक्षेला बसा. या गोष्टीतल्या मुलीचे वडील अंथरुणाला खिळले आणि तिचं कॉलेज सुटलं. पण दुसरा रस्ता तर घरातच होता. सख्खा काका करसल्लागार!

पहिल्याच दिवशी काकांनी उमेदवारीच्या नोंदणीचा अर्ज पुढे केला. दोघांनी सह्या केल्या. "उद्या पाठवतो. तू लाग कामाला." ती लागली, ती आठ वर्षं. परीक्षेचा विषय निघाला की काका म्हणत, "घाई कशाला? हात पक्का होऊ दे."

हात कधीच पक्का झाला होता. काकांच्या ऑफिसात एकच कायदा होता: पोच नाही तर कागद नाही. कर कार्यालयात काहीही दिलं की शिक्क्याची पोच आणायची आणि फायलीत सगळ्यात वर लावायची. ती खिडकीसमोर अशी ठाण मांडून बसे की कारकून जेवण सोडून शिक्का मारी. अशील तिला पोचबाई म्हणत. बेकरीवाला तर तोंडावर सांगे, "साहेब नसले तरी चालेल, पोचबाई हव्यात."

यंदा तिने काकांना न विचारताच परीक्षेचा फॉर्म भरला. खिडकीतल्या कारकुनाने दोनदा शोधलं.

"तुमच्या उमेदवारीची नोंदच नाही."

"नीट बघा, आठ वर्षांपूर्वीची आहे."

"पोच आहे?"

गावभराच्या पोचा गोळा करणारी ही बाई, पण स्वतःची पोच तिने कधी मागितलीच नव्हती. घरच्या माणसाकडे का कुणी पोच मागतं?

ती तडक ऑफिसात आली. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "अगं, राहून गेलं."

"आठ वर्षं?"

त्यांनी खालचा खण उघडून अर्ज काढला. प्लास्टिकच्या पाकिटात, एकही सुरकुती नाही. विसरलेला कागद असा राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? जपून ठेवला होता मेल्याने.

"तू पास झाली असतीस, स्वतःची पाटी लावली असतीस," काका म्हणाले. "मग माझं कोण बघणार होतं? पोटच्या पोरीसारखं वागवलं तुला."

परक्याने फसवलं असतं तर तिने चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणाऱ्याच्या औषधांच्या वेळासुद्धा तिला पाठ होत्या. ती बाहेर पडली आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दोन दिवसांनी ती आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"समोरच्या सल्लागार बाईंकडे नाव नोंदवलं. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून." शिक्क्याची पोच तिने लांबूनच दाखवली. मग ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि शेजारी एक कागद. "किल्ल्या मिळाल्या म्हणून सही करा."

काकांचा चेहरा उतरला. "घरच्या माणसाकडून पोच घेतेस?"

"हो काका. आता घेते."

त्यांना पेन सापडेना. नेहमीसारखं तिनेच पुढे केलं.