कातेरिना आजींचे पाय

"मी अजून मेलेले नाही!" कातेरिना आजी ओरडल्या आणि त्यांनी पाय खुर्चीवर ओढून घेतले. आमची दुभाषी एलेनी हिने हे भाषांतर माझ्याकडे न बघताच केलं. त्यांच्या पाया पडायला लागलेली माझ्या विद्यार्थिनींची रांग जागच्या जागी थांबली.

मी बारामतीच्या एका कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते. म्हणजे माणसं कशी जगतात, ते त्यांच्यात राहून पाहायचं. त्यासाठी आम्ही भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर, एका डोंगरी गावात आलो होतो. प्राचार्यांना हे मुळातच पटलं नव्हतं. "मॅडम, माणसंच बघायची तर मोरगावला एसटी जाते की!" तिकडच्या विद्यापीठाने खर्च उचलला म्हणून त्यांनी सही केली, आणि वर बजावलं, "रिपोर्ट नाही आला, तर ही ट्रिप पहिली आणि शेवटची."

आमच्या कामात 'एन्ट्री' नावाचा प्रकार असतो. गावात ज्याचा शब्द चालतो, त्याने हो म्हटलं की बाकीची माणसं बोलू लागतात. इथे शब्द चालायचा तो या आजींचा. मुलींना मी मोठं लेक्चर दिलं होतं. फोटो विचारून काढा, चर्चमध्ये खांदे झाका. पाया पडू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही. कुणाला सुचेल? एलेनीने नंतर सांगितलं, त्यांच्याकडे लोक असे रांगेने वाकतात ते शवपेटीपाशी, शेवटचा निरोप घ्यायला.

दुसऱ्या दिवशी गावातली एकही बाई आमच्याशी बोलेना. माझं धाबं दणाणलं. मुलींचं वर्ष या रिपोर्टवर होतं.

रांगेत पहिली होती अंथुर्ण्याची शीतल. तिने सरळ आपल्या आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल घेऊन आजींच्या अंगणात शिरली.

"अगं, रिपोर्टमध्ये ही संशोधनाची कुठली पद्धत म्हणून लिहायचं?" मी मागून ओरडले.

"आबा म्हणून लिहा, मॅडम."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "पाय मागं घेतला व्हय? आवो बाई, मेल्यावर बी पडत्यात, पर त्येचा आपल्याला काय उपेग? जित्तं हाय तवर पाय म्होरं करायचा आन् आशीर्वाद द्यायचा. घरात तेवढीच सत्ता ऱ्हायलीय आपली. टीव्हीचा रिमोट बी नातवाकडं हाय."

शीतलने इंग्रजी केलं, एलेनीने ग्रीक. भाषांतर रिमोटपर्यंत पोहोचलं आणि आजी खदखदून हसल्या. त्यांचा रिमोट जावयाकडे होता.

"रांग लावा," त्या म्हणाल्या.

प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून त्या हलकेच थू थू करत होत्या. एक मुलगी दचकली. "आगं, दृष्ट काढत्यात," शीतल म्हणाली. संध्याकाळपर्यंत अंगणात बायका मावेनात. मला तर हायसं वाटून रडूच आलं.

रिपोर्ट जाडजूड झाला. प्राचार्यांनी तो हातात तोलून पाहिला आणि पुढच्या वर्षाची सही केली.

एक गोष्ट मात्र आम्ही त्यात लिहिली नाही. निघायच्या दिवशी आजी चौकात आम्हाला पोहोचवायला आल्या होत्या. तेवढ्यात गावचे पाद्री आले. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे पाय पुढे केला. पाद्रींनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आपल्या अभ्यासाने गाव बदलता कामा नये, हे मी पहिल्याच तासाला शिकवते.