क्लेमेंटीन टीचरांची केळ

निर्मळच्या तुस्कानो कुटुंबात केळीविषयी ठाम मत नसलेला माणूस सापडणार नाही. परंतु केळीचे नियम लिहून काढणारी व्यक्ती त्या घरात एकच झाली, आणि तीही सून म्हणून आलेली. क्लेमेंटीन टीचर माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. मुले बाकाखाली मोबाईलवर काय खेळतात हे आपल्याला ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने त्यांनी ‘पंचदुर्ग’ हा पत्त्यांचा खेळ स्वतःच्या मोबाईलवर घेतला. प्रत्येक खेळाडूच्या पटावर पाच जागा असतात. तेथे कार्डे मांडायची. कार्डे रसद देतात, आणि ज्याच्या दुर्गाची रसद आधी भरते तो जिंकतो. मुले वर्षभरात दुसऱ्या खेळाकडे वळली. टीचर मात्र तेथेच राहिल्या.

त्यांना धरून ठेवले ते चाहत्यांच्या एका मराठी गटाने. ही मंडळी मूळ खेळात नसलेली कार्डे स्वतः रचतात: नाव, चित्र, किंमत, नियम, सर्व काही. खेळाची कंपनी ती कार्डे घेत नाही आणि कोणाची तशी अपेक्षाही नसते. गटाच्या पानावर चर्चा होते. चर्चेत टिकलेली कार्डे वर्षअखेरीच्या संचात छापली जातात आणि मंडळी ती टेबलाशी बसून खेळतात. नियम कडक आहे. एकही आक्षेप शिल्लक असला, तर कार्ड संचात जात नाही. टीचरांना हा नियम पहिल्या दिवसापासून आवडला.

त्यांचे पहिले कार्ड ‘बावखल’. वाडीतल्या गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्याप्रमाणे ते न वापरलेली रसद पुढच्या फेरीसाठी साठवून ठेवी. त्यावर एकही आक्षेप आला नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी ‘केळ’ रचली. केळफुलाचा जांभळा रंग मनाजोगता उतरेपर्यंत चित्र पुनःपुन्हा काढले. नियम असा, की केळ मांडून काही फेऱ्या थांबावे, मग भरपूर रसदेचा घड मिळावा, आणि बुडाशी आलेला मुनवा, म्हणजे केळीचे पिल्लू, त्याच जागी नवी केळ व्हावा.

गटाचे पान सांभाळणारा सुमेध बोळिंजला राहतो आणि विमा कचेरीत नोकरी करतो. त्याचा फोन आला.

“टीचर, तुमची केळ अडकली.”

“अडकली म्हणजे?”

“घड देते आणि तशीच उभी राहते. मुनव्याला जागाच मिळत नाही. डेरिकने लिहिलंय, चित्र छान आहे, भिंतीवर लावा.”

“उभी कशी राहील? घड काढला ना?”

“काढला.”

“मग झाड नाही पाडलं?”

“पाडायचं कुठे लिहिलंय?”

टीचरांनी कार्ड उघडून पाहिले. खरोखरच लिहिलेले नव्हते. निर्मळमध्ये घड काढणे आणि झाड पाडणे हे एकच काम आहे. एकदा व्यालेली केळ पुन्हा फळत नाही. त्यामुळे घड उतरवला की त्याच कोयत्याने झाड खाली येते, आणि ते वेगळे सांगावे असे कोणाला सुचत नाही. टीचरांनाही सुचले नव्हते.

त्यांचा दीर ऑस्कर पडवीत केळीची पाने बांधत बसला होता. घरची केळीची वाडी तोच पाहतो.

“घड काढून झाड उभं ठेवणारी माणसं कुठली ही, वहिनी?”

“सुमेध बोळिंजचा, डेरिक मनवेलपाड्याचा. विरारच्या इमारतींत राहणारे.”

“मग बरोबर. त्यांची केळी हातगाडीला लागतात.”

“चूक त्यांची नाही, ऑस्कर. पायरी मी गाळली. वर्गात कोणी गाळली, तर मी गुण कापते.”

त्यांनी ती ओळ घातली, आणि खरी अडचण तेव्हा उभी राहिली. मनवेलपाड्याचा डेरिक बँकेत अधिकारी आहे. गटात त्याच्या आक्षेपांचा धाक आहे. त्याने लिहिले, की आता या कार्डाला अंतच नाही. झाड पडते, मुनवा उभा राहतो, पुन्हा घड. ज्याच्या हाती केळ आली, तो हरणारच नाही. सबब आक्षेप कायम. संच छपाईला जाण्याची वेळ जवळ आली होती.

सुमेधने तोड काढली. “मुनवा एकदाच येईल असं लिहा, म्हणजे मिटलं. नाहीतर नाव बदला. राखेतून उठणारा ‘अमरपक्षी’ ठेवू, किंमत दुप्पट करू. पक्ष्याला कोणी काही विचारत नाही.”

“माझ्या नावाने असं कार्ड छापलं, की केळीला मुनवा एकदाच येतो,” टीचर म्हणाल्या, “तर रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चबाहेर मी लोकांना तोंड कसं दाखवू?”

“तिथे कोण हे खेळतं, टीचर?”

“खेळत नसतील. वाचता येतं सगळ्यांना.”

केळ संचातून गेली तर गेली, पण खोटी केळ छापायची नाही, असे त्यांनी ठरवले. आणि केळीला अंत नाही हे म्हणणे मुळात अर्धेच खरे होते. त्यांचे लहानपण आईबरोबर माहेरच्या वाडीत मुनवे कमी करण्यात गेले होते: एक जोमदार ठेवायचा, बाकीचे कापायचे. तो एकही त्याच जागी पुनःपुन्हा वाढवला, तर घड हलका होत जातो. म्हणून मुनवा उचलून नव्या जागी लावायचा आणि जुनी जागा विसाव्याला सोडायची. टीचरांनी तेच नियमात आणले. त्याच जागी प्रत्येक नवा घड आधीच्यापेक्षा हलका. पूर्ण घड हवा, तर मुनवा मोकळ्या जागी हलवावा, जास्त थांबावे, आणि जुनी जागा काही फेऱ्या रिकामी ठेवावी. जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळून त्यांनी आकडे बसवले.

डेरिकचे उत्तर आले: “कागदावर पटतं. खेळल्याशिवाय आक्षेप मागे नाही.”

“मग निर्मळला ये,” टीचरांनी लिहिले. “केळ तू घे. मी विरुद्ध बसते.”

रविवारी तो आणि सुमेध एका स्कूटरवरून आले. पडवीत डाव मांडला. डेरिकने पहिला घड घेतला, त्याच जागी दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिसऱ्याने त्याच्या रसदेत जेमतेम भर पडली. टीचरांची रसद मात्र वाढतच होती. ऑस्कर त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

“हलव की ते. जमीन दमली.”

“बघणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, काका.”

“सल्ला नाही रे. बघवत नाही.”

डेरिकने बराच विचार केला आणि मुनवा उचलून शेवटच्या मोकळ्या जागी ठेवला. आता त्याला थांबणे भाग होते. फेऱ्या जात राहिल्या, रसद येईना. टीचरांना जिंकायला आता एकच चांगले कार्ड हवे होते. त्यांनी ओढलेले पान उपयोगाचे निघाले नाही. आणि डेरिकच्या पुढच्या फेरीत नव्या जागेवर पूर्ण घड आला. त्याचा दुर्ग भरला.

तो पटाकडे पाहत राहिला. “एक फेरी उशीर केला असता, तर मी गेलो होतो.”

“तू उशीर केलासच,” टीचर म्हणाल्या. “दुसऱ्या घडानंतरच हलवायला हवा होता. मला पान चांगलं आलं नाही म्हणून वाचलास.”

“म्हणजे हे कार्ड हातात असूनही हरता येतं.”

“चांगलं हरता येतं.”

डेरिक हसला आणि त्याने तेथल्या तेथे मोबाईलवर लिहिले: आक्षेप मागे. टीचरांनी ते वाचले, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि आणखी एकदा वाचले. स्वतःच्या घरी, स्वतःच्याच कार्डाने हरलेल्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर जो ताठा आला, तो ऑस्करने त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सुमेधने विचारले, “रचनाकार म्हणून काय छापू? नुसतं क्लेमेंटीन?”

“क्लेमेंटीन व्हिक्टर तुस्कानो, निर्मळ, तालुका वसई.”

“तालुका मावणार नाही, टीचर.”

“अक्षर लहान कर.”

“पिन कोडही घाल रे,” ऑस्कर म्हणाला.

संच छापून आला तेव्हा पिन कोड नव्हता. तालुका होता.