व्याह्यांचे लोकरी मोजे

आमच्या व्याह्यांनी, म्हणजे माझ्या जावयाच्या वडिलांनी, स्वतःच्या पायांना जेवढा मान दिला तेवढा कुठल्या देवाच्या पादुकांनाही मिळाला नसेल. मुलगी-जावई राहतात त्या दुबईजवळच्या अल ऐनच्या उन्हातही पायांत लोकरी मोजे. एसीचा वारा म्हणे तळव्यांतून थेट डोक्यात जातो. एकदा दुकानात मलबारी सेल्समननं मापासाठी पाऊल हातात धरलं, तर ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. असे हे पाय लग्नात मी धुतले नाहीत. मुलगी देतोय, वर पाय कसले धुवायचे, म्हटलं. तेव्हापासून अकरा वर्षं ते माझ्याशी सरळ बोलत नव्हते. दोघंही व्हिजिटवर मुलीच्या एकाच घरात, समोरासमोर जेवायला, तरी आठ वर्षांच्या नातीला म्हणायचे, "नानांना सांग, मीठ द्या." ती म्हणायची, "आजोबा, ही इज राइट देअर."

ते परत जायच्या आदल्या दिवशी जावयानं सगळ्यांना जबल हफीत डोंगराच्या पायथ्याच्या बागेत, गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. निघताना मुलगी हळूच म्हणाली, "नाना, अकरा वर्षं जेवताना मी हेच ऐकतेय. आज काय ते मिटवा." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. झऱ्याच्या तोंडाशी लोक पिशवीत बांधून अंडी उकडत होते, खाली पाटात पाय सोडून बसले होते. पाणी जितकं कढत तितका गुण, असं ठरवून व्याही अंड्यांपासून दहाच पावलांवर बसले. वाकून मोजे काढायला गुडघे ऐकेनात, आणि कुणाला सांगावं तर मान जातो. शेवटी मोज्यांसकट पाय पाण्यात. लोकर फुगून पायांचे दोन बोके झाले, चेहरा गाजरासारखा, पण गडी डोंगराकडे बघतोय. मी नातीकरवी विचारलं, फार कढत आहे का? "नानांना सांग, कोमट आहे." नात म्हणाली, "नाना, ही इज कुकिंग."

मग मी विजार वर करून उतरलो आणि ते मोजे ओढून काढले. आतून निघाले तान्ह्या पोरासारखे गोरे, इवलेसे पाय. ह्यांच्यापायी अकरा वर्षं! लोकरीचे धागे चिकटले होते, ते ओंजळीनं पाणी घालून धुतले. आपण काय करतोय हे लक्षात आलं तोवर एक पाय झाला होता; दुसरा तसाच कसा सोडणार? व्याह्यांनी सुनेला सांगितलं, "सूनबाई, खलास. तो विषय बंद." ती तोंड फिरवून अंडी सोलत राहिली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून ते म्हणाले, "व्याही, आता तुमचे पाय इकडे करा."

मी हट्टी. म्हटलं, पुढच्या खेपेला. "इन्शाल्ला," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी इथंच उचललेला.

पुढची खेप त्यांना झाली नाही. मी अजून त्या झऱ्यावर जातो. पाय पाण्यात सोडतो, पण धूत नाही. तसेच ठेवतो.