फोनवाल्यांचा गाडीतला कॉम्प्युटर

फोनवाल्यांना स्वस्थ बसवत नाही, हे त्यांच्या बायकोइतकं कुणाला ठाऊक असणार! बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात बिघाड शोधत फिरलेला माणूस. निवृत्त झाला तरी हात शिवशिवायचेच. घरातला मिक्सर, शेजाऱ्यांची बेल, सगळं उघडून झालं आणि एक दिवस त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या गाडीत कॉम्प्युटर बसवायला घेतला.

पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर सीटखाली, पडदा म्हणून जुना टॅब स्टिअरिंगशेजारी. गाडी सुरू केली की बॅटरीचा जोर क्षणभर पडायचा आणि कॉम्प्युटर मान टाकायचा. मग तो दहा सेकंद उशिरा सुरू व्हावा अशी सोय केली. किल्ली काढली की तो अर्ध्या कामात बंद पडायचा. त्याला वेगळी छोटी बॅटरी दिली. उन्हात तापायचा, त्याला पंखा आला. बायको म्हणायची, "उभ्या जन्मात एवढी उस्तवार माझी नाही झाली!"

दोन महिने हे कौतुक चाललं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावीकडचं दिसणं कमी झालंय, यापुढे गाडी चालवायची नाही. आता गाडी ठेवायची तर ती बायकोनं चालवायची, दुसरा मार्गच नव्हता. तिची थोरली बहीण तासाभराच्या अंतरावर एकटी राहायची. दर गुरुवारी तिच्याकडे जाता येईल म्हणून बाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी कंबर कसली आणि लायसन्स काढलं. फोनवाल्यांना काय आनंद झाला! मागे काही आडवं आलं की शिट्टी, वेग वाढला की बोलून सांगणारा आवाज, असं सगळं त्यांनी तिच्यासाठी नव्यानं जोडलं.

जुनी खोड मात्र जाते थोडीच? एक्स्चेंजमध्ये प्रत्येक बिघाड तारीख-वेळेसकट वहीत उतरायचा. कॉम्प्युटरलाही त्यांनी पहिल्याच दिवशी तेच शिकवून ठेवलं होतं. महिनाभरानं जेवताना ते मोठ्या उत्साहानं वाचू लागले, "जोरात ब्रेक, एकवीस. इंजिन बंद पडलं, नऊ वेळा. त्यातल्या सहा वेळा तर..."

"पुरे!" बायको ताटावरून उठली. "मी काय तुमच्या खात्यातला बिघाड आहे? विकून टाका ती गाडी!"

किल्ली खुंटीला लागली ती लागलीच. गुरुवारी ती दोन बस बदलून बहिणीकडे गेली. फोनवाल्यांना घास गोड लागेना. किती हौसेनं शिकली होती बिचारी, आणि आपण कशाला अकलेचे तारे तोडले!

शनिवारी सकाळी ते त्या नोंदी पुसायला गाडीत जाऊन बसले. वरपासून वाचत गेले, तर सुरुवातीचे दोन महिने त्यांचे स्वतःचे निघाले. जोरात ब्रेक, चौतीस. भले शाब्बास! त्या दोन महिन्यांतल्या शेवटच्या नोंदीवर मात्र त्यांचं बोट थांबलं. संध्याकाळचे पाच दहा, शाळेपाशी, वेग चाळीसवरून एकदम शून्य. सायकलवरची मुलगी डावीकडून आली होती आणि त्यांना ती दिसलीच नव्हती. हातभर अंतर राहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले होते. घरी मात्र सांगितलं होतं, सहज तपासून येतो.

पुसायचं म्हटलं तर एका बोटाचं काम होतं. पण ते पडदा काढून तसेच स्वयंपाकघरात गेले आणि सगळं मोठ्यानं वाचलं, त्या मुलीसकट.

"फार घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "तू चालवायला लागलीस तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि तुझ्याच चुका वाचत बसलो मी."

बायको ओट्याला टेकून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले.

"एवढं एकट्यानं पोटात ठेवलंत? मला नाही सांगायचं?"

फोनवाल्यांनी पडदा ओट्यावर ठेवला.

"तो पडदा जागेवर लावा," ती हात पुसत म्हणाली. "वेग सांगू दे, मागचं सांगू दे. लिहून ठेवणं बंद."

"बंद. आत्ताच."

तिनं खुंटीवरची किल्ली काढली. "चला, त्या शाळेवरूनच जाऊन येऊ."

"मी येऊ? मधेच काहीतरी बोलेन हं मी, सवयच आहे."

"बोला की खुशाल. पण रस्त्याची काळजी सोडा आता. बघायला मी आहे."

फोनवाले शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि कित्येक महिन्यांनी निवांत मागे टेकले.