बाहेरची रांग गुणायची नाही

आयत्या मजकुराचा इतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या हिंजवडीत दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगते. आमचे टीम लीड शनिवार पेठेतून कंपनीच्या बसने यायचे आणि दिवाळीला आम्हा अकराही जणांना वेगवेगळा संदेश लिहायचे; तोही एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून. रजेचा अर्जसुद्धा दरवेळी नव्याने लिहीत, कारण मात्र वर्षानुवर्षं एकच, दाढदुखी. "सर, एकच लिहून सगळ्यांना धाडा की," मी एकदा म्हटलं. "अहो, एकच मजकूर पाणी बंद असलं की धाडतात. मला कुणाचं पाणी तोडायचं नाहीये," म्हणाले आणि पुढचा संदेश लिहायला घेतला.

मी नवी असताना बसच्या जागा नोंदवायचा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला होता. बारा रांगा, प्रत्येकीत चार जागा. मी हुशारी केली. चार रिकाम्या जागांची एक यादी केली आणि तिलाच बाराने गुणलं. लोणी काळभोरच्या एका मुलीने पहिल्या रांगेतली खिडकी घेतली, आणि काय सांगू, बाराही रांगांत त्या खिडकीवर तिचंच नाव! सकाळी बस सुटताना लोकांनी माझ्या नावाने जो शिमगा केला, तो विचारू नका. मी जागेवर येऊन रडत बसले. सरांनी शेजारी खुर्ची ओढली. "अहो, रांगा बारा दिसतात, पण आहे एकच, बारा वेळा दाखवलेली. आतल्या जागा खुशाल चाराने गुणा. बाहेरची रांग गुणायची नाही. बारा फेऱ्या करा, दर फेरीत नवी रांग मांडा." खरंच, एका ओळीत काम झालं. वर टोला दिलाच, "आळस करावा, पण जागा बघून."

गेल्या वर्षी सर अचानक गेले. टीमच्या ग्रुपवर कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि खाली तेच, तेच, एकूण अकरा वेळा. त्यातलं एक माझं. मीटिंग चालू होती. वरचं उचललं, खाली चिकटवलं, सरांच्या बायकोला, काकूंनाही तेच पाठवलं. सांगताना आजही लाज वाटते.

तेराव्यानंतर काकूंचं उत्तर आलं. आभाराचा ठरावीक मजकूर असेल म्हणून मी दोन दिवस उघडलंच नाही. मग कळलं, अकराही जणांना त्यांनी वेगवेगळं लिहिलं होतं. मला लिहिलं होतं, "बसच्या खिडक्यांवाली तूच ना? त्या दिवशी घरी येऊन हे खूप हसले होते. म्हणाले, पोर रडली बिचारी, पण ही चूक पुन्हा करायची नाही."