वरच्या मजल्याचा पत्ता

पोलीस कचेरीतल्या परदेशी लोकांच्या खिडकीपुढं विंका चौथ्यांदा उभी राहिली, तेव्हा तिच्या आधी तिच्या गुडघ्यांनी शरणागती पत्करली. वय सदुसष्ट. तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात डबे भरत उभ्यानं गेली होती, आणि उरलेली या खिडकीपुढं उभ्यानंच जाणार, अशी तिची आता जवळजवळ खात्री पटली होती.

त्यात तीन दिवस यूगो सुटलेला. दक्षिणेचा हा दमट, चिकट वारा आला की अख्ख्या किनाऱ्याचं डोकं चढतं. भिंतींना घाम येतो, पाव वातड होतो, सुखानं नांदणारी नवराबायको एकमेकांची माहेरं काढायला लागतात. यूगोत कुणी सोयरीक ठरवत नाही, कुणी होडी रंगवायला काढत नाही, आणि सरकारी कचेरीची पायरी तर शहाणा माणूस चढतच नाही. विंकाला हे कळत नव्हतं थोडंच! पण शुक्रवार वाऱ्यासाठी थांबायला तयार नव्हता. शुक्रवारपर्यंत कागद पुरे झाले नाहीत, तर सेरहातला देश सोडावा लागणार होता.

सेरहात म्हणजे तिच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. इझमीरचा. चाळिशीला टेकलेला, डोक्यावर केस कमी आणि चेहऱ्यावर जास्त. खिडकीशी बसून लॅपटॉपवर कॅनडातल्या कुठल्याशा कंपनीसाठी नकाशे काढायचा. एका देशात बसून दुसऱ्याच देशाची चाकरी करणाऱ्या अशा लोकांसाठी सरकारनं वर्षभर राहण्याचा वेगळा परवाना काढला होता, आणि अर्जावर त्यांना ‘डिजिटल भटके’ म्हटलं होतं. विंकाला ते पहिल्यापासून पटलं नाही.

“भटका कसला डोंबलाचा?” ती म्हणायची. “ऑक्टोबरपासून हा बाहेर पडलाय तो फक्त कचरा टाकायला.”

दुपारच्या तुर्की मालिका चौदा वर्षं नेमानं बघितलेली बाई ती. पहिल्याच दिवशी तिनं त्याला विचारलं होतं, “तुमच्याकडं सगळ्याच सासवा जेवणात विष घालतात का रे?”

“फक्त श्रीमंतांच्या, तेता,” तो म्हणाला. तेता म्हणजे मावशी; एवढं तो विमानातच शिकून आला होता. खोली त्याला तिथल्या तिथं मिळाली.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा जेरे गेला, तेव्हापासून हिवाळ्यात वरचा मजला मुका असायचा. आता सकाळी आठला वर खुर्ची सरकल्याचा कर्रकन आवाज यायचा, की विंका खाली कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची. मग तो उतरायचा आणि दोघं जण पावाबरोबर जगाला नावं ठेवायची. या कर्रकन आवाजासाठी ती चार वेळा कचेरीची पायरी चढली होती. पण हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं त्याला घराबाहेर काढलं असतं.

पहिल्या खेपेला करारावरून अडलं. करार तिनं एकतीस मेपर्यंतचा लिहिला होता. गावात सगळेच तसा लिहितात. जूनमध्ये समुद्रात डुंबायला पाहुणे येतात, तेव्हा हिवाळ्याच्या भाडेकरूनं आपलं चंबूगबाळं उचलायचं असतं. पण सरकारला पत्ता वर्षभराचा हवा होता. विंका घरी गेली आणि बावीस वर्षं दर ऑगस्टला येणाऱ्या ब्रनो शहरातल्या एका कुटुंबाला तिनं कळवलं, यंदा येऊ नका. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या खेपेला करार वर्षाचा होता, पण त्यावर नोटरीचा शिक्का नव्हता. तिसऱ्या खेपेला ती हात हलवत आली, कारण नोटरी म्हणाली, आधी घराच्या मालकीचा उतारा आणा. आज उतारा तिच्या हातात होता. तो कसा वाचायचा ते तिला कळेना, म्हणून तिनं खिडकीतल्या यासेंकाच्या पुढ्यात सरकवला.

यासेंकानं चष्मा वर केला, खाली केला.

“तेता विंका, हा शिमून कोण?”

“जेरेच्या आजोबांचा बाप. का ग?”

“घर त्यांच्या नावावर आहे.”

“अग, तो चिलीत जाऊन मेला!”

“मेला असेल. पण मालक तोच आहे. त्याच्या खाली अठरा वारस. त्यात जेरे आहे. तुम्ही कुठंच नाही.”

विंकानं उतारा स्वतःकडं ओढून पुन्हा बघितला. पंचेचाळीस वर्षं ती त्या घराच्या फरश्या पुसत होती.

“अग, पण नाव लावून घ्यायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही.”

“आपल्याकडं कोण लावतं?” यासेंका दमून म्हणाली. “माणूस पुरला की आपण घरी जाऊन जेवतो. जमीन कचेरीत कोण जातंय? माझं घर अजून माझ्या पणजीच्या दिराच्या नावावर आहे. मी रोज एका मेलेल्या माणसाकडं झोपायला जाते.”

“मग आता?”

“अठरा जणांच्या सह्या आणा.”

“निम्मे चिलीत आहेत आणि निम्मे कबरीत!”

“नाहीतर त्याला दुसरं घर बघा. कागद स्वच्छ असलेलं. नव्यानं बांधलेलं, परवानगी घेऊन.” यासेंकानं घड्याळ बघितलं. साडेदहा. तिनं ‘मारेंदा’ असं लिहिलेली पाटी काचेला टेकवली. दहा-अकराच्या सुमाराचं हे खाणं आटोपल्याशिवाय या गावात कुणी जन्मसुद्धा घेत नाही. “आणि तेता, यूगोत कशाला आलात? यूगोत कुठं कामं होतात?”

बाहेर सेरहात कागदांची फाइल छातीशी धरून उभा होता. विंकाचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

“तेता, सोडा,” तो आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाला. “मी जातो. अल्बानिया चालतं. सामान दोन बॅगा.”

“गप बैस. अल्बानियात तुला कोण उठवणार आठला?”

“आठला मी उठतो. मग तुम्ही कॉफी ठेवता.”

“तेच ते.”

ती मनातल्या मनात घरं मोजायला लागली. गावात परवानगी घेऊन बांधलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी आधी बिनपरवाना बांधलेली आणि मग सरकारनं माफ केलेली. आणि भाड्यानं देण्याजोगी रिकामी खोली असलेलं त्यात एकच. ते तिच्या दारासमोर होतं, गल्लीच्या पलीकडं, बारा पावलांवर. ते दोब्रिलाचं होतं. दोब्रिला म्हणजे जेरेची थोरली बहीण. आणि तिच्याशी विंका अकरा वर्षं बोलली नव्हती.

कारण एक लिंबाचं झाड. होडी ठेवायला जागा व्हावी म्हणून जेरेनं बहिणीच्या झाडाची समुद्राकडची फांदी तोडली होती. त्या रात्रीपासून दोब्रिलाचं दार बंद. भावाच्या अंत्यविधीला ती आली, पण कबरीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, आणि तिथूनच घरी गेली.

विंकानं दार वाजवलं. आतून आवाज आला, “उघडंच आहे. यूगोत कुणाला माझी आठवण झाली?”

मग दोब्रिलानं बघितलं कोण आहे ते. तिनं खुर्ची पुढं सरकवली, पण कॉफी विचारली नाही. विंकानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: शिमून, अठरा वारस, शुक्रवार.

“म्हणजे तुझ्याकडं घर आहे, पण कागद नाही,” दोब्रिला म्हणाली. “आणि आता माझ्या कागदावर तुझा तुर्क ठेवायचा.”

“माझा कसला? तुझ्याकडंच राहील. वर्षभर. माझी खोली रिकामी होईल.”

“मग तुला त्यातून काय मिळणार?”

“गावात राहील तो.”

दोब्रिला म्हणाली, “आधी एक सांग. जेरे चुकला होता की नाही?”

मेलेल्या नवऱ्याला विंकानं कधी कुणापुढं दोष दिला नव्हता, आणि आज एवढी दमली होती की खोटं बोलायलाही बळ नव्हतं. ती खुर्चीत बसली.

“तो नको म्हणत होता. करवत मीच दिली त्याच्या हातात. मला ती होडी माझ्या खिडकीखाली नको होती.”

“ठाऊक आहे,” दोब्रिला म्हणाली. “मी इथंच खिडकीत होते. अकरा वर्षं वाट बघतेय, ही बया कधी सांगते म्हणून. तू बसलीस, आता कॉफी घे.”

गुरुवारी नोटरीनं शिक्का मारला. शुक्रवारी यासेंकानं कागद एकावर एक रचले, दोब्रिलाची सही तपासली, अर्ज दाखल करून घेतला, आणि मग विंकाकडं बघून विचारलं, “तुम्ही कशाला आलात? तुमचं तर आता यात काहीच नाही.”

“मला सवय लागलीय,” विंका म्हणाली.

शनिवारी सेरहातनं दोन बॅगा गल्लीपलीकडं नेल्या. एक त्यानं उचलली, एक त्या दोघींनी, एकमेकींना सूचना देत. विंकानं वरचा मजला झाडून घेतला आणि ब्रनोच्या कुटुंबाला निरोप धाडला, ऑगस्टमध्ये या, खोली मोकळी आहे. उत्तर लगेच आलं: यंदा आम्ही दुसरीकडं ठरवलं, पुढच्या वर्षी बघू.

रविवारी आठ वाजले. वर काही सरकलं नाही. विंकानं सवयीनं भांडं चुलीवर ठेवलं, दोन कप काढले, आणि मग त्या दोन कपांकडं बघत नुसतीच उभी राहिली. वारा पडला होता.

गल्लीतून आरोळी आली. “विंका! अग ए विंका! तुझा भटका इथं टेबलापाशी येऊन बसलाय. काय बोलतो ते मला समजत नाही. कॉफी म्हणतोय बहुतेक!”

“मग दे की करून!”

“माझी पिऊन झाली. आणि आता तुझी मागतोय!”

विंकानं तिसरा कप काढला. भांडं फडक्यात धरून ती बाहेर पडली. बारा पावलं होती, पण गुडघ्यांमुळं मधेच थांबावं लागलं. ती लिंबाच्या झाडाला टेकली. तोडलेल्या फांदीची जागा तिच्या खांद्याला लागली. कॉफी निवत होती.

“येतेयस, की आणायला माणूस पाठवू?” दोब्रिला ओरडली.

“येतेय ग,” विंका म्हणाली. “येतेय. दम खाऊ दे जरा.”